भिंत कोणाची आणि अक्षर कोणाचे?



मुंबई-गोवा महामार्गावरील इंदापूरहून तळ्याकडे जो रस्ता जातो, त्याच रस्त्याने पुढे मांदाडच्या बाजूस उतरले म्हणजे राजपुरीच्या खाडीवर कुडा लेणी लागतात. तुमच्यापैकी ज्यांनी ती पाहिली नसतील, त्यांनी या हिवाळ्यात मुलाबाळांसह अवश्य पाहावीत. प्रस्तुत लेखक गेल्या हिवाळ्यात काही नवदीक्षित कुटुंबांसमवेत तेथे गेला होता. वंदना झाली, शिदोऱ्या सुटल्या, आणि थोड्याच वेळात एका खोलीतून खरखर असा आवाज येऊ लागला. आत जाऊन पाहतो तो बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा घराच्या किल्लीने भिंतीवर 'जय भीम' कोरीत बसलेला. त्याखाली स्वतःच्या नावाची दोन अक्षरेही उमटली होती. मी त्याचा हात धरला. मुलगा गोंधळला खरा, पण गप्प बसला नाही. बाहेरच्या ओसरीतील ब्राह्मी लेखाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काका, तेही भिंतीवरच लिहिलंय ना? मग त्यांचं चांगलं आणि माझं वाईट कसं?"

प्रश्न मोठा चोख होता. त्या वेळी मी त्याला दरडावून गप्प केले, आणि घरी परतल्यावर त्याची मला लाज वाटली. ज्या समाजाला हजारो वर्षे प्रश्न विचारू दिला गेला नाही, त्या समाजाच्या मुलाला दरडावणे हे उत्तर नव्हे. म्हणून ते उत्तर आज या पृष्ठावर देण्याचा प्रयत्न करतो. मुलाने एका लेण्यापुरते विचारले होते. परंतु त्याचा प्रश्न आपल्या गावांच्या, शाळांच्या आणि विहारांच्या भिंतींपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम कुड्याच्या भिंतींवर काय लिहिले आहे ते पाहू. तेथे सव्वीस लेणी आहेत आणि त्यांत वीसहून अधिक लेख आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्या काळी मांदव घराण्यातील महाभोज या मुलखावर अधिकार चालवीत. परंतु लेख काही एकट्या राजकुळाचे नाहीत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह आहे, प्रव्रज्या घेतलेली भिक्खुणी आहे. ब्राह्मण उपासकाची पत्नी आहे आणि तिने दिलेले चैत्यगृह माळ्याच्या दानापासून हाकेच्या अंतरावर आहे. सहाव्या लेण्यातील लेख तर प्रत्येक बौद्ध कुटुंबाने मुलांना वाचून दाखवावा असा आहे. शिवभूती नावाचा एक लेखक, म्हणजे लिहिण्याचे काम करणारा कारकून, होता. त्याच्या धाकट्या भावाने आपली पत्नी विजया हिच्यासह हे लेणे दान दिले. त्यातील शिल्पकाम मुलांनी दिले आणि खांब मुलींनी दिले. मुलींची नावे मुलांच्या नावांइतक्याच ठळकपणे दगडात कोरली आहेत. वैद्य सोमदेव यानेही आपल्या लेखात मुलींची नावे गाळलेली नाहीत. ज्या देशात पुढे स्त्रीला आणि शूद्राला अक्षर वर्ज्य ठरले, त्या देशाच्या या किनाऱ्यावर माळ्याचे आणि मुलींचे नाव दगडावर होते. हे विसरू नका.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. या लेखांत एक शब्द पुनःपुन्हा येतो: 'देयधम्म', म्हणजे धर्मासाठी दिलेले दान. ज्याने नाव लिहिले त्याने अगोदर डोंगर फोडून भिक्खूंना पावसाळ्यात आसरा करून दिला होता. नाव त्या दानाची पावती होते. आमच्या मुलाने भिंतीला काय दिले? किल्लीचा ओरखडा.

हे उत्तर बिनतोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. इतिहासच त्याला आडवा येतो. मुंबईजवळील कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पारशी यात्रेकरूंनी १००९ आणि १०२१ साली येऊन पहलवी लिपीत आपली नावे कोरली. त्यांनी लेणे दिले नव्हते. ते पाहुणे होते. तरी आज अभ्यासक त्या ओळी जपतात, कारण पारशी लोक या किनाऱ्यावर कसे आले, कसे वावरले याचा तो जुना लेखी पुरावा आहे. सिंहलद्वीपात सिगिरिया येथे आरशासारखी घोटलेली एक भिंत आहे. आठव्या शतकापासून पुढे कित्येक पिढ्यांच्या यात्रेकरूंनी तिच्यावर बारीक अक्षरांत कविता खरडल्या. विद्वान सेनारत परणवितान यांनी त्यांतील ६८५ कविता वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत भिक्खूंच्या आहेत, स्त्रियांच्या आहेत, सामान्य गृहस्थांच्या आहेत. सिंहली काव्याचा तो अमोल ठेवा ठरला. योगायोग असा की, त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्माची दीक्षा दिली. इटलीतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील भिंतींवर दहा हजारांहून अधिक लेख सापडले आहेत, आणि गुलामांचे, दुकानदारांचे, उमेदवारांचे जग त्यांतून आपल्याला कळते.

याच्या उलट अजिंठा पाहा. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि विस्मृतीत गेलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील रंगविलेल्या खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल ही तारीख कोरली. आज प्रवासी ते नावही कुतूहलाने पाहतात. पण मला विचाराल तर त्या नावाखाली जे चित्र खरडले गेले ते परत येणार नाही, आणि त्या अधिकाऱ्याच्या नावाची इतिहासाला एवढी गरज नव्हती. इतिहास त्याला कागदावरूनही ओळखता.

मग भेद कोठे करावा? मी असा करतो. सिगिरियाची आरसाभिंत कोरी होती. तेथे लिहिणाऱ्याने आधीचे पुसले नाही. अजिंठ्याच्या खांबावर लिहिणाऱ्याने दुसऱ्याचे पुसून आपले मांडले. दुसऱ्याचे पुसून आपले मांडणे या गोष्टीचा अनुभव आपल्याइतका कोणास आहे? आपलीच लेणी 'पांडवांनी एका रात्रीत खोदली' म्हणून आपल्याच आजोबांना सांगितली गेली. महाडजवळ गांधारपाले येथील लेणी महामार्गावरून दिसतात. तेथे कानभोज विष्णुपालिताचा लेख आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने मोळ्या वाहणाऱ्या आपल्या माणसांना त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नव्हता, कारण ती वाचण्याची परंपरा मोडली गेली होती. आता ती अक्षरे वाचता येतात. अशा वेळी त्यांच्यावर आपल्याच मुलाने, आपल्याच मुक्तिदात्याच्या नावाने, किल्ली चालवावी याहून दुर्दैव कोणते? 'जय भीम' हे अक्षर कितीही पवित्र असले तरी ब्राह्मीच्या एका वळणावर ते आले की, ते वळण गेले. कायद्याचे म्हणाल, तर संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या अधिनियमाखाली शिक्षा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी आहे. पण तुम्ही कायद्याच्या भयाने थांबावे असे मला वाटत नाही. ती भिंत तुमच्या मुलीच्या नावाची आहे म्हणून थांबा.

लेण्यांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो. गावच्या भिंतीचा मिटत नाही.

पाश्चात्त्य देशांत ज्याला ग्राफिटी म्हणतात, ते भिंतीवरचे लेखन-रेखाटन गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत गुन्ह्यापासून कलेपर्यंत कसे पोहोचले, हे आपण समजून घेतले पाहिजे. न्यूयॉर्क शहरात १९७० च्या सुमारास एक पोऱ्या निरोप पोहोचविण्याचे काम करता करता जागोजाग 'टाकी १८३' अशी आपली खूण लिहीत सुटला. त्याचे टोपणनाव आणि तो राहत असलेल्या रस्त्याचा क्रमांक, एवढाच त्या खुणेचा मजकूर. १९७१ साली एका मोठ्या वृत्तपत्राने त्याची बातमी दिली आणि शेकडो मुले त्याच्या वाटेने गेली. त्यांत निग्रो व पोर्तो रिकोच्या वस्त्यांतील गरीब मुले पुष्कळ होती. ज्यांची दखल शाळा घेत नव्हती, ज्यांना नोकरी मिळत नव्हती, त्यांनी भुयारी रेल्वेचे डबेच्या डबे रंगवून काढले. नगरशासनाने त्यांच्याविरुद्ध जवळजवळ युद्ध पुकारले. १९८९ साली रंगविलेला शेवटचा डबा सेवेतून काढला तेव्हा आपण जिंकलो असे अधिकाऱ्यांना वाटले.

त्याच शहरात झाँ-मिशेल बास्किया नावाचा तरुण होता. बाप हैतीचा, आईचे घराणे पोर्तो रिकोचे. १९७८ च्या सुमारास तो मित्रासह भिंतींवर उपरोधिक वाक्ये लिहीत असे. पुढे तो कॅनव्हासवर चित्रे काढू लागला आणि १९८८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू पावला. त्याने १९८२ साली काढलेले एक चित्र २०१७ साली लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना विकले गेले. हात तोच होता. भिंतीवर असताना ते विद्रूपण होते आणि धनिकाच्या दिवाणखान्यात गेल्यावर ती कला झाली! वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. बदलले काय? रेषा बदलली नाही, मालक बदलला.

आपल्याकडेही वारे फिरले आहे. मुंबईत सेनापती बापट मार्गालगतची रेल्वेची लांबच लांब भिंत २००९ साली नागरिकांनी महानगरपालिकेच्या संमतीने रंगविली. २०१७ साली ससून डॉकवर, जेथे आपल्या रायगड किनाऱ्यावरच्या कित्येक होड्यांची मासळी उतरते, तेथे देशोदेशींच्या चित्रकारांनी भिंतींवर कोळी बंधुभगिनींची भव्य चित्रे काढली, आणि एरवी तेथून नाकाला रुमाल लावून जाणारी मंडळी ती पाहण्यास रांगेने आली. ठाणे-पालघरच्या वारली स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत, तेव्हा त्यास कोणी कला म्हणत नव्हते. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि आज वारली चित्रे सरकारी कचेऱ्यांच्या आवारात दिसतात. मला या बदलाचा आनंद आहे. कोळणीचा चेहरा भिंतीवर चार मजले उंच होतो ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याबरोबर एक शंकाही आहे. चित्र काढणारा बाहेरून येतो, परवानगी घेऊन येतो, आणि वस्तीची शोभा वाढवून जातो. वस्तीतल्या माणसाने स्वतःच ब्रश हाती घेतला तर?

तर काय होते त्याची हकीकत ऐका. आपल्या किनाऱ्यावरच्याच एका गावात घडलेली आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माणसांना तेथे एकमेकांच्या शेजारी राहावयाचे आहे. बौद्धवाडीच्या वाटेवर सार्वजनिक पैशाने बांधलेली एक जांभ्याची संरक्षक भिंत आहे, वरून गिलावा केलेली. तिच्या एका टोकाला गावच्या उत्सवाच्या निमित्ताने देवाचे चित्र रंगविलेले होते. दुसऱ्या टोकाला कोणा उमेदवाराचे नाव अर्धवट पुसलेले होते. मधला भाग शेवाळाने काळा झालेला. वाडीतील पाच-सहा तरुणांनी तो मधला भाग खरवडला, चुन्याचे दोन हात दिले, आणि २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी संविधानाची उद्देशिका निळ्या अक्षरांत लिहिली. कोणाची निंदा नाही, कोणा पुढाऱ्याची तसबीर नाही. आठवड्याच्या आत तो भाग पांढरा करण्यात आला. कारण असे सांगितले गेले की, भिंतीवर विनापरवाना लिहिणे हा मालमत्तेचे विद्रूपण रोखणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. शेजारचे देवाचे चित्र जसेच्या तसे राहिले. उमेदवाराचे अर्धे नावही राहिले.

मुले संतापली. रात्री जाऊन तेलरंगाने, चुन्याखाली झाकता येणार नाही असे, हातभर अक्षरांत पुन्हा लिहावयाचे त्यांनी ठरविले. त्यांतील एक पोलीस भरतीची तयारी करीत होता. त्याची आई माझ्याकडे आली. "भाऊ, लिहिलंय ते काही वाईट नाही," ती म्हणाली, "पण याच्या नावावर केस झाली तर सहा वर्षं पहाटे धावला ते पाण्यात जाईल."

या माउलीच्या वाक्यात सगळा प्रश्न सामावला आहे. भिंतीवरच्या लेखनाचे कौतुक करणारे लोक नेहमी म्हणतात की, विनापरवाना असणे हाच त्या कलेचा प्राण आहे. परवानगीने काढलेले चित्र म्हणजे शोभेचे काम. मला त्यात तथ्य दिसते. बर्लिनची भिंत १९८९ साली कोसळण्यापूर्वी तिच्या पश्चिम बाजूवर जे लिहिले-रंगविले गेले, ते कोणाच्या परवानगीने नव्हते. जुलमी राजवटीत भिंत हेच गरिबाचे वृत्तपत्र असते. परंतु हे बोलणाऱ्यांची मुले पोलीस भरतीच्या रांगेत नसतात. श्रीमंताच्या मुलाने रात्री भिंत रंगविली तर तो खोडकर कलावंत. बौद्धवाडीतल्या मुलाने रंगविली तर तो गावात तेढ माजविणारा. दोघांना दंड सारखा असेल, पण किंमत सारखी नाही.

म्हणून मी त्या मुलांना महाडची आठवण दिली. रात्रीच्या अंधारात एखादा घडा भरून आणणे १९२७ साली अशक्य नव्हते. तहान भागली असती. हक्क मिळाला नसता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव विधिमंडळात संमत झाला होता, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केल्याचे कागदावर उतरले होते. पण पाण्याला कोणाचा हात लागला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन उघड्या दिवसा, रांगेने, चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर दंगा झाला, सवर्णांनी शेणामुताचे एकशेआठ घडे ओतून तळे 'शुद्ध' केले, आणि नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. बाबासाहेबांनी पुढे काय केले? २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली, आणि त्या खड्ड्याभोवती फलक लावले. त्यांतील एकावर 'मनुस्मृतीची दहनभूमी' असे सर्वांना वाचता येईल असे लिहिले होते. जाळण्याचे कृत्य क्षणाचे असते. ते कशासाठी होते हे अक्षर सांगते. आणि दुसरीकडे तळ्याचा दावा त्यांनी न्यायालयात दहा वर्षे लढविला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला. उघडपणा, अक्षर आणि चिकाटी ही तिन्ही तेथे आहेत.

भिंतीच्या बाबतीतही वाद 'कोठेही लिहिण्याच्या' हक्काचा करू नका. तो आपण हरू, आणि हरणे योग्यच होईल. परक्याच्या घराची भिंत ही आपली वही नाही. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. शेजाऱ्याचा गिलावा दिलेला नाही. वाद समान नियमाचा करा. चौदावा अनुच्छेद कायद्यापुढे समानता सांगतो. ज्या भिंतीला सार्वजनिक पैसा लागला आहे, तिच्यावर एकतर कोणीच लिहू नये, नाहीतर एकाच नियमाने सर्वांनी लिहावे. देवाचे चित्र 'संस्कृती' आणि उद्देशिका 'विद्रूपण' हा न्याय कोणत्या कायद्यात आहे, हे लेखी विचारा. लेखी विचारले म्हणजे लेखी उत्तर द्यावे लागते, आणि असे उत्तर लिहिताना अधिकाऱ्याचा हात थबकतो. आपल्या स्पर्शाने पाणी विटाळते असे पूर्वी म्हणत; आज आपल्या अक्षराने भिंत विद्रूप होते असे कोणी म्हणू लागला तर त्याला त्या वाक्याचे मूळ दाखवून द्या.

हे झाले दुसऱ्यांविषयी. आता थोडे आपल्याविषयी, आणि ते कडू लागले तरी ऐकून घ्या.

पहिली गोष्ट तसबिरींची. मुंबई-पनवेलच्या इमारतींत जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकू नयेत म्हणून देवादिकांच्या चित्रांच्या लाद्या बसवितात. हल्ली त्यांत बुद्धाचीही लादी दिसू लागली आहे, आणि आपले काही बंधू 'सर्व धर्मांबरोबर आपलाही मान ठेवला' म्हणून समाधान मानतात. कसला मान? तथागताला पिंकदाणीचा पहारेकरी केले, हा मान? ती लादी विनंती करून काढावयास लावा. तसेच, उघड्या, दिवा नसलेल्या, निगराणी नसलेल्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र रंगविण्याचा उत्साह आवरा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झालेली आढळली; लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. विटंबना करणाऱ्याला एक रात्र पुरते. आपल्याला दहा तिरड्या उचलाव्या लागतात. चित्र विहारात, डोळ्यांसमोर, दिव्याखाली असू द्या. बाहेरच्या भिंतीवर शब्द असू द्या. शब्दाला कोणी काळे फासले तर तो पुन्हा लिहिता येतो, आणि पुसणाऱ्याने समतेचा शब्द पुसला हे गावाला दिसते.

दुसरी गोष्ट फ्लेक्सची. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडात जाऊन पाहा. चवदार तळ्याच्या वाटेवर जेवढे फलक, तेवढे चेहरे. बाबासाहेब कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे आणि शुभेच्छुक पुरुषभर उंच! अशा फलकाला कला म्हणता येत नाही, प्रचारही म्हणता येत नाही. शिवाय या प्लास्टिकच्या कापडाने आपल्या पेंटर लोकांचे पोट मारले, याचाही विचार कोणी करीत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण या प्रत्येक गावी दुकानांच्या पाट्या, होड्यांची नावे, शाळांचे सुविचार लिहिणारे पेंटर होते. निळीत बुडविलेली दोरी ताणून फटकन मारावयाची, दोन सरळ रेघा उमटवावयाच्या, आणि त्यांमध्ये एका दमात अक्षर उतरवावयाचे. ज्ञ आणि ळ यांची वळणे ज्याला साधली तो खरा पेंटर. होडीवाल्या कोळी बंधूंनी ही कला अजून काही प्रमाणात राखली आहे. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या नाळेवरची नावे पाहा: खारे वारे आणि लाटा खाऊनही अक्षर उभे असते. आपल्या विहारांवरची नावे मात्र छापील प्लास्टिकची, आणि दुसऱ्या वर्षी फाटून लोंबणारी.

आपल्या मुलांनी भिंतीवर लिहावयाचेच असेल, आणि त्यांनी लिहावे असे माझे स्पष्ट मत आहे, तर त्यांना अशा पेंटरच्या हाताखाली पंधरा दिवस बसवा. ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. समाजमंदिराची भिंत तर आपली आहे, तिला कोणाची परवानगी लागत नाही. पण कित्येक ठिकाणी ती पिचकाऱ्यांनी रंगलेली असते. तिच्यावर सतरावा अनुच्छेद लिहा, पंधराव्यातील दुकाने, विहिरी, तळी, रस्ते यांविषयीचा भाग लिहा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत लिहा. कोकणातला पाऊस चार महिने त्या अक्षरांची परीक्षा घेईल आणि बहुतेक धुऊनही टाकील; मग दरवर्षी पावसाळ्यानंतर ती पुन्हा लिहावी लागतील, आणि जी मुले लिहितील त्यांना अनुच्छेद पाठ होतील. मला तर हा पावसाचा उपकारच वाटतो.

भगिनींनो, घरातल्या भिंतीविषयी तुम्हांला कोणी सांगण्याची गरज नाही, तरी एक सांगतो. दीक्षेनंतर देव्हारा हलविला की, भिंतीवर एक फिकट चौकोन राहतो. कित्येक घरांत तो पाहून सासूचे मन आठ-आठ दिवस कावरेबावरे होते. त्या सासूला हिणवू नका. नागपंचमीला भिंतीवर नाग, दिवाळीला उंबऱ्याशी पावले काढणारा तिचाच हात होता. त्या हाताची कला खोटी नव्हती, विषय तेवढा चुकीच्या श्रद्धेचा होता. त्याच हाताला पिंपळपान द्या, कमळ द्या, धम्मचक्राचे चोवीस आरे द्या. नातवाने आरे मोजावेत आणि आजीने रंगवावेत. कुड्याच्या लेण्यात कुटुंबातल्या मुलांनी शिल्पे दिली आणि मुलींनी खांब दिले, तसे घरातल्या प्रत्येकाचे काहीतरी त्या भिंतीवर असू द्या.

त्या किनाऱ्यावरच्या गावचे पुढे काय झाले, ते विचाराल. मुलांनी तेलरंगाचा डबा परत केला. अर्ज लिहिला गेला. त्यावर बावीस सह्या आहेत, त्यांत पाच कोळी आणि तीन आगरी बंधूंच्या आहेत. अर्जात दोन मागण्या आहेत: भिंतीवरील सर्व मजकुराला एकच नियम लावावा, आणि मधला भाग उद्देशिकेसाठी मिळावा, रंगाचा खर्च वाडी करील. पोच घेतलेली आहे. ग्रामसभेत विषय एकदा पुढे ढकलला गेला. पुढल्या सभेची नोटीस लागली म्हणजे मीही जाणार आहे. तो किल्लीवाला मुलगा त्याच तालुक्यातला. त्याला मी निरोप धाडला आहे की, सभेला ये, भिंत मिळाली तर पहिल्या ओळीतील 'आम्ही' हा शब्द तू लिहावयाचा, आणि दोरी मारावयास पेंटर मामांकडून आतापासून शीक.